रस्ता चुकण्याचा हक्क

गेल्या रविवारी रात्री अकराच्या सुमारास फोन वाजला. "काका, जयभीम. झोपले तर नव्हते ना?" आवाज ओळखीचा होता. आमच्याच वस्तीतला मुलगा. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर गेल्या सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला गेला. बाप हयात नाही. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाते. तो निघाला त्या दिवशी विहारात सत्कार झाला. हार झाले, पेढे झाले, भाषणे झाली. मीही भाषण केले. "आता एक मिनिटही वाया घालवू नकोस, सारा समाज तुझ्याकडे डोळे लावून बसला आहे," असे टाळ्या घेणारे वाक्य मीच त्याच्या माथी मारले होते.

फोनवर तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "काका, आज एक चूक झाली. लायब्ररीत जायचं होतं, पण चुकीच्या बसमध्ये बसलो. वर डोळा लागला. थेट शेवटच्या स्टॉपवर उतरलो. तिथं एक जुना कालवा होता. त्याच्या काठाकाठानं चालत गेलो. लांबच लांब होड्या, पाण्याची दारं, बदकं. चार तास कसे गेले कळलं नाही. लय बरं वाटलं. पण आता अभ्यासात मन लागत नाही. माय तिकडं वावरात वाकली असते अन् मी इकडं बदकं पाहत फिरतो. कोणाला तरी सांगावं वाटलं."

मी त्याला काहीतरी बोलून समजावले आणि फोन ठेवला. पण मग मलाच झोप लागेना. वाट चुकून चार तास काठाकाठाने चालला, एवढाच या पोराचा गुन्हा. आणि तो मला असा कबुलीजबाब देत होता, जणू समाजाचे पैसे पत्त्यात घालवून आला आहे. हे ओझे त्याच्या डोक्यावर कोणी ठेवले? इतरांबरोबर मीही ठेवले. म्हणून आजचा हा लेख. तो त्याला उत्तर म्हणून आहे आणि परदेशी गेलेल्या, जाऊ पाहणाऱ्या आपल्या सगळ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही आहे.

मी स्वतः २००४ ते २००९ अशी पाच वर्षे मँचेस्टर शहरात नोकरीनिमित्त राहिलो. पहिले आठ-दहा महिने मी घड्याळाचा काटा होतो. रशोम भागातली भाड्याची खोली, तिथून बस, बसमधून ऑफिस, ऑफिसातून खोली. पौंडाला तेव्हाच्या रुपयाने गुणायचे आणि मगच खिशात हात घालायचा. रस्त्यात काही दिसले तरी थांबायचे नाही. थांबलो तर कोणीतरी विचारील, "इथे तुझे काय काम?" असे आत कुठेतरी वाटायचे. तिथे तसे कोणी विचारत नव्हते. तरी वाटायचे.

एका संध्याकाळी रस्त्याच्या खोदकामामुळे आमची बस वळवली. ड्रायव्हरने डीन्सगेट नावाच्या हमरस्त्यावर सगळ्यांना उतरवले आणि पुढची बस टाऊन हॉलच्या बाजूने मिळेल असे हाताने दाखवले. मी अंदाजाने एका गल्लीत शिरलो. गल्ली पुढे एका छोट्या चौकात उघडली. चौकात एक उंच, हडकुळा, खांदे पडलेला माणूस ब्राँझमध्ये उभा. दोन्ही हात पोटावर घेतलेले. जवळ गेलो तर अब्राहम लिंकन! अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष मँचेस्टरच्या गल्लीत काय करतो आहे? चौथऱ्यावर मजकूर कोरलेला होता. बस विसरलो आणि वाचत उभा राहिलो.

ती हकीकत आपल्या प्रत्येक वाचकाला ठाऊक असायला हवी. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. दक्षिणेतला कापूस गुलामांच्या घामाने पिकत होता आणि त्या कापसावर मँचेस्टर व भोवतालच्या लँकेशायरच्या गिरण्या चालत होत्या. कापूस थांबला, गिरण्या थांबल्या, लाखो कामगारांच्या चुली विझल्या. बंदरे उघडण्यासाठी ब्रिटिश सरकारने दक्षिणेची बाजू घ्यावी, असा दबाव मोठा होता. अशा वेळी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि उपाशी पोटांनी त्यांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे १ जानेवारी १८६३ पासून, लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मँचेस्टरच्या कष्टकऱ्यांना पत्र लिहून त्यांचे उपकार मानले. त्याच पत्रातला मजकूर त्या चौथऱ्यावर आहे. त्याच वर्षी अमेरिकेतून पिठाची पिंपे भरून 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' नावाचे जहाज लँकेशायरच्या उपाशी कामगारांसाठी लिव्हरपूलच्या बंदरात लागले.

लँकेशायरमधले सगळेच कामगार या बाजूचे होते असे नाही. काही गावांत दक्षिणेबद्दलही सहानुभूती होती. इतिहास इतका गोड नसतो. पण ज्यांनी स्वतःची भाकरी पणाला लावून दूरच्या गुलामाची बाजू घेतली, त्यांचे मोल त्याने कमी होत नाही.

मी कापसाच्या मुलखातला. माझी आई पऱ्हाटीतून वाकून कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटे फाटलेली असत. संध्याकाळी मालकाच्या काट्यावर वजन व्हायचे आणि त्यावर तिची मजुरी ठरायची. अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा मँचेस्टरने आपल्याकडे हात पसरला. पश्चिम भारतातला कापूस मुंबईच्या बंदरातून भरभरून गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सारा फुगा फुटला. आपल्या कापसाला तिकडचे विणकर 'सुरत' म्हणत आणि आखूड, तुटक धाग्यामुळे त्याच्या नावाने बोटे मोडत. हे सगळे मी नंतर वाचून काढले. पण सुरुवात झाली ती त्या चौकातून. मिसिसिपीच्या मळ्यातला गुलाम, मँचेस्टरचा गिरणी कामगार आणि माझी आई हे तिघे एकाच धाग्याने बांधलेले आहेत, हे मला कुठल्या वर्गात कळले नाही. वळवलेल्या बसने कळवले.

आणखी एक गंमत नंतर समजली. तो पुतळाच मुळी वाट चुकून तिथे आला आहे! जॉर्ज ग्रे बर्नार्ड या शिल्पकाराने तो घडवला, तेव्हा तो लंडनमध्ये पार्लमेंटजवळ उभा करायचा बेत होता. पण हा लिंकन फारच ओबडधोबड, फारच गबाळा दिसतो, अशी ओरड झाली. लंडनला दुसरा, नीटनेटका लिंकन मिळाला आणि हा गबाळा १९१९ साली मँचेस्टरच्या प्लॅट फील्ड्स बागेत आला. तिथून १९८६ साली या चौकात. प्लॅट फील्ड्स म्हणजे माझ्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावरची बाग. प्रतिष्ठितांनी नाकारलेला लिंकन कामगारांच्या शहरात आला, हे एका परीने ठीकच झाले.

त्या दिवसानंतर मी शनिवारी एक नियम केला. परतताना दोन स्टॉप अलीकडे उतरायचे किंवा दोन स्टॉप पलीकडे. खर्च शून्य. असाच एकदा पावसातून आडोशाला म्हणून डीन्सगेटवरच्या एका दगडी इमारतीत शिरलो. मला ते चर्च वाटले होते. आत गेलो तर ग्रंथालय! जॉन रायलंड्स या कापड व्यापाऱ्याच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीने बांधलेले, १९०० साली लोकांसाठी खुले झालेले. आत जायला तिकीट नाही. दारात कोणी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. ओल्या बुटांनी मी पुस्तकांच्या त्या उंच दालनात उभा राहिलो आणि मला एकाएकी भरून आले.

का भरून आले ते सांगतो. आमच्या गावात रस्ते सर्वांना सारखे नव्हते. कोणत्या बोळातून जायचे, कोणत्या नाही, कोणत्या ओट्यासमोर मान खाली घालायची, हे आमच्या आजोबांना चालता येऊ लागले तेव्हापासून ठाऊक होते. माझ्या काळात पायात चप्पल राहिली, पण प्रश्न राहिलाच. "कोणाचा रे तू? कुठी चालला?" उत्तर तयार ठेवावे लागे. दळण आणायला, दवाखान्यात, निरोप द्यायला. "असाच फिरतो आहे" हे उत्तर पाटलाच्या पोराला चालत होते. आमच्या पोराने ते दिले तर वावरातल्या संत्र्यांची मोजदाद सुरू व्हायची. आणि मुलगी असेल तर विचारूच नका. तिला गावाचीही भीती आणि घरच्यांचीही.

ज्यांचे जगणेच फिरण्यावर होते, त्यांचे तर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार करून टाकले. पारधी असो की आणखी कोणी, गावाबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना आणि रोज पोलीस पाटलाकडे हजेरी. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्टला विमुक्त बांधव त्याची आठवण ठेवतात. पण 'फिरस्ता म्हणजे चोर' हा कायदा लोकांच्या डोक्यातून अजून रद्द व्हायचा आहे.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९३४ सालची एक सहल सांगितली आहे. चळवळीतले सुमारे तीस जण वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला, तो पाहू म्हणून थांबले. धुळीने माखलेले होते, म्हणून किल्ल्याच्या दारापाशी असलेल्या पाण्याच्या टाक्यावर हातपाय, तोंड धुतले. एवढ्यावरून गिल्ला झाला, जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती या अटीवर की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि ते शिवत नाहीत ना, हे पाहायला सोबत सशस्त्र शिपाई! कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बसलेला माणूस आपल्याच देशातला किल्ला शिपायाच्या पहाऱ्यात पाहतो. मित्रहो, वाटेत सहज थांबणे ही गोष्ट आपल्यासाठी कधीच सहज नव्हती. म्हणूनच त्या ग्रंथालयात, कोणी न हटकलेला मी, भरून येऊन उभा होतो.

आता दुसरा रस्ता सांगतो. २००६ च्या वसंतातला एक रविवार. शेफील्डला एका मित्राकडे जेवायला निघालो होतो. रविवारी तिकडे रुळांची कामे निघतात. गाडी न्यू मिल्स नावाच्या लहानशा स्टेशनात थांबली. पुढे बस, आणि तिला सव्वा तास अवकाश. पहिल्यांदा चिडलो. मग स्टेशनातून बाहेर डोकावलो तर खाली खोल दरी, दरीत दोन नद्यांचा संगम आणि संगमावर दगडी गिरणी. नदीच्या पाण्यावरून, उंच भिंतीला चिकटून एक पोलादी पायवाट काढलेली. त्या पायवाटेवरून गिरणीसमोर गेलो. टॉर व्हेल मिल. दोनशेहून अधिक वर्षे चाललेली ही कापड गिरणी २००० साली बंद पडली होती. बंद गिरणीची शांतता मला ओळखीची होती. १९८२ च्या संपानंतर माझा चुलत मामा मुंबईच्या गिरणगावातून रिकाम्या हाताने गावी परतला, तेव्हा तो असाच गप्प झाला होता.

त्या गावातून एक जुनी रेल्वेलाईन हेफील्डला जात असे. १९७० साली ती बंद झाली. रूळ काढले आणि तिथे चालायची वाट केली. अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. मी पाटी पाहिली, घड्याळ पाहिले, मित्राला फोन केला, "तुम्ही जेवून घ्या," आणि चालू लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून रस्ता चुकलो.

वाटेत कुत्रे घेऊन निघालेला एक म्हातारा भेटला. गोरा, लाल गालांचा, हातात काठी. मी मनात उत्तर तयार ठेवले, कुठून आलो, कशासाठी आलो. त्याने ते विचारलेच नाही. त्याने विचारले, "खाणीतली पाटी पाहायला चाललात का?" कसली पाटी? तो माझ्यासोबत चालू लागला आणि हेफील्ड गाव ओलांडून बोडेन ब्रिज नावाच्या जागी दगडाच्या जुन्या खाणीपर्यंत आला. खाणीच्या कातळावर ती पाटी बसवलेली होती.

पाटीमागची हकीकत अशी. समोरचा किंडर स्काउट हा डोंगर ६३६ मीटर उंच. आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही. पण मँचेस्टर आणि शेफील्डच्या धुरात सहा दिवस राबणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळी हवा देणारा तोच. तो डोंगर उमराव-जमीनदारांच्या मालकीचा. वर्षातले थोडे दिवस त्यांनी तिथे पक्ष्यांची शिकार करायची आणि बाकी वर्षभर कामगारांनी तिथे पाय ठेवायचा नाही, म्हणून रखवालदार. २४ एप्रिल १९३२ रोजी सुमारे चारशे कामगार तरुण-तरुणी त्या खाणीत जमले आणि बंदी मोडून डोंगरावर चढले. पुढारी बेनी रॉथमन, वय २० वर्षे, ज्यू कुटुंबातला बेकार मेकॅनिक. स्टेशनवर पोलीस टपले होते म्हणून तो मँचेस्टरहून सायकल मारत आला. ठरलेला वक्ता फिरकला नाही, म्हणून दगडावर चढून भाषणही त्यानेच केले. वर रखवालदारांशी झटापट झाली. परतताना धरपकड झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. रॉथमनला चार महिने. गुन्हा काय? डोंगरावर फिरायला गेले!

पण त्या कैदेने गोष्ट मिटली नाही, वाढली. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात फिरण्याच्या हक्काचा कायदा झाला. १९५१ साली तोच डोंगर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानात आला. २००० सालच्या कायद्याने माळ, डोंगर, पडीक रानात पायी फिरण्याचा हक्क सर्वांना मिळाला. २००२ साली, त्या सत्याग्रहाला ७० वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या तेव्हाच्या ड्यूकने त्याच जागी येऊन आपल्या घराण्याच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन ती ऐकायला नव्हता. तो त्याच वर्षी जानेवारीत गेला.

तिथे उभा असताना माझ्या डोक्यात तारखा जुळत होत्या. महाडचे चवदार तळे, २० मार्च १९२७. नाशिकचे काळाराम मंदिर, २ मार्च १९३०. किंडर स्काउट, २४ एप्रिल १९३२. या लढ्यांची बरोबरी मी करत नाही. त्यांना रविवारची हवा हवी होती, आम्हाला प्यायचे पाणी आणि माणूसपण हवे होते. त्यांना कैद झाली तरी कोणी त्यांच्या स्पर्शाने डोंगर बाटला म्हणून गोमूत्र शिंपडले नाही. पण एक गोष्ट सारखी आहे. जिथे जायला बंदी आहे तिथे चालत जाणे, हेच तिन्ही ठिकाणी लढ्याचे शस्त्र होते. मी म्हाताऱ्याला महाडची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाण्यासाठी?" आणि पुन्हा एकदा, "पाण्यासाठी?" आम्ही काही न बोलता गावाकडे परतलो. माझे तोडकेमोडके इंग्रजी त्या दिवशी कुठे अडले नाही.

इंग्लंडला स्वर्ग ठरवायला मी बसलेलो नाही. तिथे आजही इंग्लंडच्या जेमतेम ८ टक्के जमिनीवर असा मोकळे फिरण्याचा हक्क आहे, बाकी कुंपणात आहे. कातडीचा रंग पाहून तोंड फिरवणारेही भेटले. आणि सर्वात कडू वळण तर आपल्याच लोकांच्या दारात भेटले. एका संध्याकाळी ओळखीच्या ढोल-ताशाचा आवाज ऐकून एका हॉलमध्ये शिरलो. मराठी ऐकून जीव हरखला. पाच मिनिटांत प्रश्न आला, "आडनाव काय?" मग "गाव कुठले?" मग "गावात कोणत्या बाजूला घर?" चहा घेतलेला हात मागे गेला नाही, पण बोलणे थांबले. सात हजार किलोमीटर येऊनही हा माणूस गावातला तोच बोळ राखत बसला होता. तेव्हा प्रत्येक चुकलेली वाट गोडच निघते असे नाही. पण त्या हॉलमधून बाहेर पडताना मला पहिल्यासारखी लाज वाटली नाही. ज्याला एवढे मोठे शहर मोकळे असून बोळच दिसतो, त्याची कीव आली.

आता चळवळीतल्या कार्यकर्त्यांचा रास्त आक्षेप येईल. बाबासाहेब परदेशात अठरा-अठरा तास अभ्यास करत होते, अर्धपोटी राहत होते, आणि तुम्ही पोरांना भटकायला शिकवता? आक्षेपाचा मी आदर करतो. ज्या दिवशी परीक्षा आहे, प्रबंध द्यायचा आहे, त्या दिवशी कालव्यावर जाऊ नये, हे सांगायला स्तंभलेखक नको. पण बाबासाहेबांचे चरित्र नीट आठवा. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडून त्यांनी सुमारे २००० पुस्तके जमवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १९१७ साली ते मायदेशी परतताना त्यांचे सामान घेऊन निघालेली बोट पाणतीराने बुडाली आणि त्या साठ्यातला मोठा भाग समुद्रात गेला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात कोणी यादी घेऊन शिरतो आणि यादीतलेच घेऊन निघतो का? हातात एक पुस्तक घ्यायला जावे आणि शेजारचे भलतेच हाती यावे, हीच त्या दुकानाची रीत. ज्ञानाच्या वाटेवरही आडवळणे असतातच.

दुसरे असे की आपल्या मुलांचा अभ्यास आता ग्रंथालयापुरता नाही. परदेशी विद्यार्थ्याला तिथे सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यात भाडे, जेवण, घरी पाठवायचे चार पैसे. एवढ्या ताणात मूल आतून मोडते, आणि मोडल्याचे घरी सांगत नाही, कारण विहारात त्याचा सत्कार झालेला असतो. तेव्हा महिन्यातून दोन रविवार चुकीच्या बसमध्ये बसणे ही चैन नाही. ते मन जाग्यावर ठेवण्याचे औषध आहे, आणि स्वस्त औषध आहे.

फक्त काही व्यवहार पाळावा. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहून मगच रस्ता चुकावा. फोन भरलेला असावा. खिशात पावसाळी कोट आणि पोळीचा डबा असावा, कारण तिथला पाऊस आगाऊ कळवून येत नाही आणि तिथले खाणे महाग. मुलींनी दोघी-तिघींनी मिळून चुकावे. अंधाराची आणि एकांताची भीती त्यांच्यावर साऱ्या जगाने लादली आहे, ती त्यांची चूक नव्हे. आणि आल्यावर दोन ओळी लिहून ठेवाव्यात. काय पाहिले, काय आठवले. मी तशा दोन ओळी लिहिल्या नसत्या तर आज हा लेख लिहू शकलो नसतो.

आईवडिलांनाही एक विनंती आहे. फोनवर आपण विचारतो, जेवलास का, अभ्यास झाला का, पैसे आहेत का. त्यात एक प्रश्न वाढवा. "या आठवड्यात काय पाहिलंस?" तुमच्या लेकराने कालवा पाहिला असेल, डोंगर पाहिला असेल, कुठल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारल्या असतील, तर ते ऐका. गावात ज्यांच्या आजोबांना ठरवून दिलेल्या बोळातूनच चालावे लागले, त्यांचा नातू परक्या देशात वाटेल त्या वाटेने चालतो आहे, ही बातमी त्याच्या गुणपत्रिकेइतकीच मोठी आहे.

काल मी त्या मुलाला स्वतःहून फोन केला. म्हणालो, "बाबू, सत्काराच्या भाषणात मी एक वाक्य चुकीचं बोललो होतो, ते मागे घेतो." तो हसला. मग म्हणाला, "काका, त्या कालव्यावर पाण्याची दारं आहेत ना, होडी वर चढवायची, ती कशी चालतात ते मी उभं राहून पाहिलं. दोन माणसं नुसत्या हातानं लाकडी दांडा ढकलतात अन् होडी पाण्यासोबत वर येते. मायला सांगितलं. ती म्हणते, मले फोटो पाठव."

फोटो पाठवला आहे. तिच्याकडे साधा फोन आहे, म्हणून तो माझ्या फोनवर आला. संध्याकाळी ती वावरातून आली की मी वस्तीत जाऊन तिला दाखवणार आहे. जयभीम!